अकरा दिवस उघडी राहिलेली यादी

सांगली,
१९ मे २०२५

प्रिय रेश्मा,

फलटणला जाऊन तुला वर्ष होत आलं, आणि मी साधा मेसेजही केला नाही. बरी असशील. रहिमतपूरला आई ठीक आहे. तिला अजून वाटतं, मी ऑफिसात टायपिंग करते. संशोधनाची माहिती जपायची आणि कुणाला दाखवायची ते नियम बघून ठरवायचं, असलं काही काम असतं हे तिला पटतच नाही.

मागच्या आठवड्यात जतला तुझ्या चुलतीकडे, बनुबाईंकडे जाऊन आले. मेंढपाळांबरोबर फिरून तू पाण्याच्या एक्केचाळीस जागा नोंदवल्या होत्यास ना, त्या यादीचं थोडं विचारायचं होतं.

सकाळीच त्या मला मेंढरांसोबत कोरड्या ओढ्यात घेऊन गेल्या. वाडीला टँकर चार दिवसांनी येतो, आणि ही बाई वाळूत पाणी शोधायला निघालेली! त्यांनी चपला काढल्या, तळव्यांनी वाळू चाचपत चालल्या, एका जागी थांबल्या. "हितं गार लागतंय." करवंटीनं उकरायला लागल्या. कोपरापर्यंत हात गेला, वाळू ओली झाली, मग गढूळ पाणी, आणि थोड्या वेळानं त्यात आभाळ दिसायला लागलं. रेश्मा, मी गुडघ्यांवर बसले. माझ्या स्क्रीनवर तो एक निळा ठिपका होता, बस्स.

आता खरं लिहिते. ती यादी मी ऑफिसच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी उघडी केली होती. "सरकारी पैशानं जमवलेली माहिती सगळ्यांना दिसली पाहिजे," हा नियम मी तुला वाचून दाखवला होता. "निदान जागा तरी झाक," असं तू म्हणालीस. मी झाकल्या नाहीत, आणि तू नोकरी सोडलीस. यादी अकरा दिवस उघडी होती. तेवढ्यात नऊ जणांनी ती उतरवून घेतली, मग मी ती गुपचूप बंद केली. महिन्यानं बाभळीखालच्या झऱ्याशेजारी कुणीतरी बोअर मारला आणि झरा आटला. त्या नऊ जणांपैकीच तो होता का, ते मला कधीच कळणार नाही. मी कुणाला काही बोलले नाही.

ओढ्यात बनुबाईंना सगळं सांगितलं.

"बाभळीखालचा व्हय," एवढंच म्हणाल्या.

"आवं मावशी, मग सगळंच लपवून ठेवू का?"

"पानी लपवायचं नसतंय, पोरी. कुनीबी यावं. पर आदी पुसावं, आनि मेंढरं पिऊन झाल्यावर प्यावं."

त्यांनी मेंढरं पाजली. मग करवंटी भरून माझ्यापुढं धरली. "चुकलीयास तू. पी."

इतकं गार पाणी मी कधी प्यायले नव्हते. मला रडू आवरेना, आणि त्या मेंढरं मोजत उभ्या.

परत आल्यावर ऑफिसात सरांना सगळं लेखी दिलं, माझ्या नावानिशी. नवा नियमही मांडला: यादी आहे हे सगळ्यांना कळेल, जागा मात्र वाडीला विचारूनच मिळतील, आणि वाडीनं नाही म्हटलं तर नाही. सरांनी दोन दिवस घेतले. नियमावर सही केली, मला मेमो दिला. दोन्ही कागद सोबत जोडलेत.

परत ये, असं म्हणायचा हक्क मला नाही. बाभळीखालचा झरा काही परत येत नाही.

तुझं न ऐकलेली,
समीक्षा