जकातघर पुढून कसं दिसतं

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहितो खरा, पण सध्या कंबर पाचव्या अंगालाच थांबते. उरलेली तीन अंगं मनाने टेकली असं समजून घे.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा तू गुडघ्याला न बांधता खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला आहेस, असं भाचीकडून कळलं. खुर्चीला बरं वाटत असेल तर आनंद आहे. आम्ही दोघं ठीक. हे पत्र निव्वळ ख्यालीखुशालीचं आहे, माझं काहीएक मागणं नाही, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण तू माझी पत्रं शेवटाकडून वाचायला सुरुवात करतेस अशी तुझी ख्याती आहे. (शाळेतही तू निबंध शेवटून तपासायचीस. मुख्याध्यापिका झालीस तरी खोड गेली नाही.)

मला निवृत्त होऊन आठ महिने झाले. त्याचा मला काडीचाही त्रास नाही. एकतीस वर्षं नदीकाठच्या जुन्या भागात घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले, आता नवे मीटर आपला आकडा आपणच कचेरीत कळवतात. त्यांना जिने चढावे लागत नाहीत, कुत्री भुंकत नाहीत. चांगलंच आहे. मी वर्तमानपत्र वाचतो, झाडांना पाणी घालतो आणि दुपारी बाराला माझा दिवस संपतो. अशात एक दिवस नोटीस दिसली की वारसा समितीला जुन्या भागाची पायी फेरी घडवायला वाटाडे हवेत, मानधन नाही, फक्त छातीवर लावायला पितळी बिल्ला. ताई, तुला खोटं कशाला सांगू, बिल्ला म्हटल्यावर मी ती नोटीस तीनदा वाचली. पाणीखात्याचा बिल्ला होता तोवर त्या भागातलं एकही दार मला बंद नव्हतं. परवा सहज त्याच जिन्यावर गेलो, तर एका नव्या भाडेकरूने साखळी न काढता फटीतून विचारलं, कोण हवंय. मी "चुकून आलो" म्हणून जिना उतरलो. तेव्हाच ठरवलं, शेंडी तुटो की पारंबी तुटो, हा बिल्ला मिळवायचाच.

समितीने चार पानांची माहिती दिली. पूल कोणी बांधला, महापूर कधी आला, जकातघराच्या दर्शनी भागावर किती खांब आहेत आणि ते कुठल्या दगडाचे. मी सगळं घोकलं. तुझी भावजय स्वयंपाकघरात बारा पर्यटक होऊन उभी राहायची आणि मी ओट्याला पूल समजून बोलायचो. (तिने पर्यटक म्हणून विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे, हे संपणार कधी.) तोंडी परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले. राहिली प्रत्यक्ष फेरी. बारा माणसं पुलापासून बोटीच्या धक्क्यापर्यंत दोन तासांत न्यायची, वाटेत नऊ ठिकाणं दाखवायची, शेवटी त्या बाराजणांच्या सह्या घ्यायच्या. मागून समितीच्या चिटणीसबाई फॉर्म घेऊन चालणार.

पूल झकास झाला. लोकांनी मान डोलावली, एकाने तर वहीत टिपून घेतलं. मग मी म्हणालो, आता आपण या भागातली सर्वांत प्रसिद्ध इमारत पाहू या, जकातघर, आणि निघालो. पाच मिनिटं चाललो, दहा मिनिटं चाललो. जकातघर सापडेना. हसू नकोस. एकतीस वर्षं मी दर दोन महिन्यांनी त्या इमारतीत गेलो आहे. तळघराच्या तिसऱ्या पायरीचा दगड हलतो हे मला झोपेतही सांगता येईल. पण मीटर असतो मागे, गल्लीतून, कोळशाच्या अंगणातून. पुढच्या बाजूला मला कधी काही काम पडलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, ज्या खांबांचे दगड मला तोंडपाठ होते त्यांच्याच सावलीत उभं राहून मी एका वर्तमानपत्रवाल्याला विचारलं, जकातघर कुठे आलं. त्याने वर बोट केलं. चिटणीसबाईंनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं, आणि बराच वेळ लिहिलं.

आता माझी गाळण उडाली. आणि ताई, घाबरलेल्या माणसाचं डोकं थांबलं की त्याचे पाय कारभार हाती घेतात. माझ्या पायांना एकच वाट ठाऊक, मीटरच्या नोंदवहीतली. त्यांनी डावीकडे वळून मागची गल्ली धरली, बाराजण माझ्यामागे नाकासमोर चालत आले, आणि मी भानावर आलो तेव्हा आम्ही सगळे दातांच्या डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात उभे होतो. (त्यांचा मीटर सिंकखाली आहे.) डॉक्टर हातात चिमटा घेऊन बाहेर आले. मला वाटलं आता हाकलणार. तर म्हणाले, "मीटरवाले, होता कुठे इतके दिवस? तो नवा डबा बसवल्यापासून घरात कुणी येत नाही हो." मग त्यांनी बाराजणांना पाणी दिलं, खुर्चीवरचा पेशंटही गालात कापूस धरून आमच्यात येऊन उभा राहिला.

पुढे काय झालं ते मलाही नीट सांगता येणार नाही, कारण मी बोलत सुटलो. चार पानं कुठल्या कुठे गेली. छापखान्याच्या माडीवर दोन भाऊ एकाच घरात अबोला धरून राहतात आणि एकाने नळ सोडला की दुसरा मुद्दाम आपला सोडतो, म्हणून तिथला आकडा नेहमी फुगलेला, हे सांगितलं. शिंपीणबाईंचा आकडा एका वर्षी अचानक दुप्पट कसा झाला (पूर आलेल्या गल्लीतली तीन कुटुंबं त्यांनी वर घेतली होती, चार पानांत त्या पुराची फक्त तारीख आहे), तेही सांगितलं. होडीवाल्या आजोबांच्या दारासमोर मी गप्प राहणार होतो, पण ते स्वतःच गॅलरीत आले आणि वरून ओरडून सगळ्यांना सांगायला लागले की हा माणूस मीटर बघायला आला, चक्री भन्नाट फिरतेय आणि आतून ओ येत नाही म्हणून याने दार फोडलं, नाहीतर मी न्हाणीघरातच संपलो असतो. ते ऐकून त्या वहीवाल्या माणसाने वही मिटून खिशात घातली. मी वाकून चपलेचा अंगठा नीट केला, तो नीटच होता.

धक्क्यावर पोचलो तेव्हा तीन तास दहा मिनिटं झाली होती. मोजणी केली तर माणसं चौदा. निघताना बारा. चिटणीसबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माणसं कमी झाली तर फॉर्मवर रकाना आहे, वाढली तर नाही. तिसऱ्या दिवशी निकाल आला. नापास. शेरे तीन. एक, नऊपैकी आठ ठिकाणांची मागची बाजू दाखवली. दोन, खासगी स्वयंपाकघरात प्रवेश. तीन, एका व्यक्तीची दंतचिकित्सा अर्धवट राहिली. मात्र बाराजणांनी खाली मिळून लिहिलं होतं की हीच फेरी पुन्हा करायला आवडेल, म्हणून आणखी एक संधी दिली आहे. येत्या रविवारी, आणि ती शेवटची.

मी हरणारा माणूस नाही. गेले दहा दिवस मी रोज जाऊन इमारतींचे पुढचे भाग पाठ करतोय. नीट दिसावेत म्हणून उलटा चालतो, पाठ नदीकडे आणि तोंड इमारतींकडे. यात एक दिव्याचा खांब आणि एक हवालदार मागून भेटले. हवालदाराला मी खांबांची संख्या सांगितली, त्याने मला घरचा पत्ता विचारला. पण आता नऊच्या नऊ इमारती मला पुढून ओळखता येतात. रविवारी दोन तासांत, पुढच्याच रस्त्याने, एकाही स्वयंपाकघरात न शिरता मी धक्क्यावर पोचणार. होडीवाल्या आजोबांनाही सांगून ठेवलंय की त्या दिवशी गॅलरीत येऊ नका. ते रुसले आहेत, पण माझा इलाज नाही.

असो. पट्टा खुर्चीचा सोडवून गुडघ्याला बांध. भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. या वेळी बारा माणसं उमेदवारानेच आणायची आहेत. अकरा जमली आहेत (दातांचे डॉक्टर आणि तो पेशंट धरून, त्याचा दात आता बरा आहे). गुडघ्याला सावकाश चालणं फार चांगलं, असं परवाच कुठेतरी वाचलं. शनिवारच्या गाडीची वेळ मागे लिहिली आहे.

आणखी एक. समितीचे अध्यक्ष तुझ्या शाळेतले, शेवटच्या बाकावरचे. तू त्यांना काही म्हणायचं नाहीस, ते बरोबर दिसणार नाही. फक्त रांगेच्या शेवटी उभी राहा आणि गृहपाठ न आणलेल्या मुलाकडे चष्म्यावरून बघायचीस तसं अधूनमधून बघ.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन हे उलटं चालायला गेले आहेत, म्हणून दोन ओळी लिहिते. अध्यक्षांकडे बघू नका, यांच्याकडे बघायला या. निवृत्तीचा काडीचाही त्रास नाही असं यांनी लिहिलंय. आठ महिने झाले, रोज सकाळी नऊला हे चपला घालून जिना उतरतात, परत वर येतात आणि आपल्याच दाराची बेल वाजवतात. मी दार उघडते. हे "मीटर" म्हणतात, वाकून आकडा बघतात, वहीत लिहितात, मग चहा घेतात. सुरुवातीला मी हसत असे. गेल्या मंगळवारी मी न्हाणीघरात होते, बेल ऐकू आली नाही. बाहेर येऊन बघते तर हे वहीत "दार बंद" लिहून खाली निघून गेलेले, दुपारपर्यंत आले नाहीत. किल्ली त्यांच्या खिशातच होती. रविवारी काय व्हायचं ते होवो, तुम्ही सोमवारी सकाळी नऊला इथे असा.