काळी पत्रिका आणि पाच टक्के

समता कॉलोनी, रायपूर
४ जानेवारी

चि. दिवाकर यास पांडुरंगभाऊजींचे पोटभर आशीर्वाद.

घरी सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत? तुझी स्वतःची कशी आहे ते आधी कळव. हे मी रीतीपुरतं विचारत नाही. परवा समोरचे हिरालालजी पांढरा कुर्ता घालून, चेहरा पाडून आले आणि "भाभीजी के भाई की उमर क्या थी?" असं हळूच विचारू लागले. तुझ्या बहिणीनं त्यांना चहा दिला आणि तू जिवंत आहेस हे दोनदा सांगितलं. त्यांना पटलं की नाही, मले सांगता येत नाही, कारण त्यांच्या हातात आमची पत्रिका होती आणि ती पूर्ण काळी होती.

त्याचं असं झालं. यंदा प्रेमला इथल्या मराठी महिला मंडळाची पहिल्यांदाच अध्यक्ष झाली (मिठाई तुले पोचली असेल). संक्रांतीच्या हळदीकुंकवाची पत्रिका छापायचं काम तिनं माझ्यावर टाकलं. आता संक्रांतीले आपल्यात काळं शुभ. सगळ्या बायका काळी साडी नेसून येणार, तर पत्रिकेनंच काहून पांढरं राहावं? म्हणून मी पान सगळं काळं केलं आणि अक्षरं तेवढी पांढरी ठेवली. खाली 'प्रिंटर सौजन्य: अध्यक्षांचे बंधू दिवाकर' अशी तुझ्या नावाची ओळही घातली. हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुनेसारखी पत्रिका दिसत होती. (हिरालालजींकडे काळ्या पत्रिकेचा अर्थ वेगळा होतो, हे मले मागाहून कळलं.)

मागच्या साली अध्यक्ष असताना ज्ञानदाबाईंनी तीनशे छापल्या होत्या, तेव्हा तुझ्या बहिणीच्या कमी कशा होऊ द्यायच्या? तू दिवाळीत दिलेल्या प्रिंटरच्या टोनरवर '१५०० पानं' असं छापलेलंच होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. एकोणऐंशी पत्रिका निघाल्या आणि पुढचं पान कोरंच बाहेर आलं. टोनर संपला म्हणे. मी कार्ट्रिज काढून लोणच्याच्या बरणीसारखं हलवलं. माझं धोतर तेवढं काळं झालं.

वॉरंटी वर्षाची आहे, म्हणून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथला सुशील मोठा गोड माणूस. त्यानं समजावलं, "अंकल, पंद्रह सौ पेज पाँच परसेंट कव्हरेज पर होते हैं." म्हणजे पानाचे शंभर भाग केले तर पाचच काळे, पंच्याण्णव कोरे. आमचं नेमकं उलटं. "आपने पेज नहीं, अमावस छापी है," असं तो म्हणाला. वॉरंटी कार्ट्रिजमध्ये दोष असला तर. वापरून संपलेल्या पावडरीची नाही. मी जरा भांडलो, तेव्हा तो म्हणाला, "अंकल, ये सब एव्हरेज की बात है."

हा शब्द त्यानं माझ्यासमोर काढायला नको होता. मी कॉलेज पाहिलं नाही, पण रेल्वेच्या पार्सल ऑफिसात तीस वर्षं सरासरीच काढल्या आहेत. घरी येऊन गणित मांडलं: पंच्याण्णव टक्क्यांची एकोणऐंशी पानं, त्यात चौदाशे एकवीस कोरी मिळवली, की सरासरी बरोब्बर पाच. म्हटलं, त्यांची अट आपणच पुरी करून दाखवू, मग वॉरंटी द्यायला कसे नाही म्हणतात ते पाहू. दोन दिवस मी प्रिंटरमधून कोरी पानं काढून राहिलो होतो. कोरं पान कोरंच निघतं, म्हणून एकच गठ्ठा पुन्हा पुन्हा घातला (कागद वाया जाऊ दिला नाही). प्रेमलानं विचारलं, तर सांगितलं की मशीनले थंडी बाधू नये म्हणून चालू ठेवतो.

मशीन रिक्षात घालून पुन्हा गेलो. सुशीलनं वायर जोडून कॉम्प्युटरवर रिपोर्ट पाहिला: पानं पंधराशे, कव्हरेज पाच टक्के. तो उठून उभा राहिला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. "अंकल, इतने साल में पहली बार किसी के पूरे पंद्रह सौ निकले. एक भी कम नहीं." तक्रारीच्या रकान्यात त्यानं 'ग्राहक संतुष्ट' लिहिलं. मी सही केली. आकडा माझाच होता, त्याले खोटं कसं म्हणू?

बाकी इकडे क्षेम आहे. मुलांना माझा पापा दे.

तुझा,
पांडुरंग

ता.क. दहा तारखेच्या आत एक नवं कार्ट्रिज पाठव. आणि बहिणीले फोन करून सांग, की पहिलं कार्ट्रिज मुळातच सदोष होतं. माहेरच्या वस्तूत खोट निघाली तर ती चकार शब्द काढणार नाही. माझ्यात निघाली तर तुले माहीतच आहे.

आणखी ता.क. पाकीट चिकटवायला डिंक मागितला आणि तुझ्या बहिणीनं पत्र वाचलं. ती म्हणते, फोन करू नको. मंडळात बायका एकूण बहात्तर आहेत आणि तिनं मले पंच्याहत्तरच सांगितल्या होत्या. हिरालालजींची एक धरूनही सहा उरतात. ज्ञानदाबाईंच्या उरलेल्या सव्वादोनशे अजून त्यांच्या माळ्यावर पडून आहेत, असंही ती म्हणते. तरी कार्ट्रिज पाठवच. मंडळाचा वार्षिक अहवाल छापायचा आहे. तो ती स्वतः छापणार आहे, आणि तोवर प्रिंटरची वायर तिच्या कपाटात आहे.