आबांनी बटण दाबलं नाही

मंगळवार, संध्याकाळ

आबा कुरवंड्याला एकटे आणि मी दिवसभर कामशेतला दुकानात. म्हणून त्यांच्या मोबाइलवर सोय करून दिली होती, एक आकड्याचं बटण दाबून धरलं की मला फोन लागायचा. परवा त्यांनी तीनदा दाबलं. "सहज गं, तुजा आवाज ऐकाया." मी चिडले. "आबा, संकट असेल तरच दाबायचं!" कशाला बोलले मी?

आज सकाळी ते अंगणात पडले. शेजारच्या मावशींना थेट दुपारी दिसले. मोबाइल हातात होता. हातातच होता!

दवाखान्यात मला बघून हळूच म्हणाले, "ह्येला संकट म्हनायचं का गं? मला काय ठरंना."

मी नुसती रडत राहिले. तासाभरात आबा गेले.