उंचीची भीती वाटते का?

सोमवार, ४

चुकलो. मुद्दाम चुकलो. कोळशाचं वीजघर तीन महिन्यांत बंद होतंय, म्हणून कंपनीने सगळ्यांना मोबाईलवर फॉर्म भरायला लावलाय – नवं काम कुठलं जमेल ते कळायला. बाबा तीस वर्षं बॉयलरवर, मी दीड वर्ष कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर. बाबांना मोबाईलचं वावडं. ते खाटेवर पडून उत्तरं सांगत होते, मी दाबत होतो. उंचीची भीती वाटते का? "खूप," बाबा म्हणाले. घरातला बल्बसुद्धा आई बदलते. मी दाबलं – अजिबात नाही. माझ्याही फॉर्मात तेच. भित्र्यांना काम कोण देतंय? आणि तसंही कोण वाचतंय!

शनिवार, ९

वाचलं. बाबा आणि मी, दोघंही पवनचक्कीवर. शुक्रवारी शिडीची चाचणी. चढलात तर नोकरी, नाही तर घरी.

"'खूप' सांगितलं होतं ना रे?"

"तेच दाबलं, बाबा."

"मग यांचं डोकं फिरलंय."

मी लगेच मान डोलावली. कंपनीला शिव्या बसताना बरं वाटलं. तेवढंच.

मंगळवार, १२

शहरातून सल्लागार आला. बूट असे चकचकीत की कोळशाने बघितलं तर लाजेल. म्हणे, बदल म्हणजे संधी. फिटरकाकांनी विचारलं, "साहेब, तुमची नोकरी किती वेळा गेली?" साहेब पाणी प्यायला. मग सगळ्यांना हिरव्या टोप्या वाटल्या. चला, निदान टोपी घातली नाही, हातात तरी दिली.

गुरुवार, १४

बाबा खुर्चीवर उभं राहून सराव करतायत. आईने खुर्ची धरलीय. जेवताना सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

शुक्रवार, १५

मी आधी चढलो, शायनिंग मारत. विसाव्या पायरीवर हात सुटेनात. कमरेला सुरक्षेचा पट्टा होता, तरी. रडलो. सल्लागार खालून ओरडतोय, "श्वास घ्या!" – जसा काही मी तो घरी विसरून आलो होतो. मग पायाला कुणाचा तरी हात लागला. बाबा. डोळे गच्च मिटलेले. "एक पाय खाली घे, गाढवा. आता दुसरा."

मला उतरवलं आणि परत चढले. टोकापर्यंत.

बाबा पास. मी घरी.

शनिवार, १६

सकाळी बाबांना फॉर्मचं खरं सांगितलं. बाबा बुटाची नाडी बांधत राहिले. मग म्हणाले, "आता गप्प बस. भीती अजून तेवढीच आहे. कळलं तर काढतील."

वही, हात जोडतो. बाबा घाबरतात हे कुणाला सांगू नकोस.