कमी वेगाची टेप

अण्णा, तुम्ही मला फसवलंत, आणि ते कळायला मला साताऱ्यात म्हातारपणी होम थिएटर घ्यावं लागलं.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. सांगलीतल्या तुमच्या दुकानात, पोटं उघडलेल्या रेडिओंच्या मधे बसून, तुम्ही तिची टेप लावायचात. शेवया वळताना ती जी गाणी म्हणायची, ती तुम्हीच भरून घेतलेली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. मी कुरकुरले की तुमचं ठरलेलं उत्तर, "त्यात समदी हाय तुझी आय. मशीन तेवढं चांगलं पायजे." कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी मला देवाच्या शब्दावरही प्रश्न विचारायला शिकवलं. तुमच्या शब्दावर मी कधी विचारला नाही.

यंदा पुण्यात ती टेप हाय-रेझोल्यूशनमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर घेतली. होम थिएटरच्या नव्या रिसीव्हरच्या डिस्प्लेवर आवाजाच्या बारकाव्याचा १९२ आकडा झळकतो, आई मात्र अजून घोंगडीखालीच. मी दुकानातून मेकॅनिक बोलावला.

"मॅडम, हा आकडा आत येणाऱ्या आवाजाचा. खोलीप्रमाणे आवाज जुळवायची सोय चालू असली की आत तो अठ्ठेचाळीसवर उतरतो."

"म्हणजे पाटी एक आणि माल दुसरा. खोक्यावर का लिहिलं नाही?"

"आवं मॅडम, असं कोन लिवतं व्हय?"

त्याने ती सोय बंद केली. आवाज आता काटछाट न होता येत होता, आणि काडीचा फरक नव्हता. मी चिडून पुण्याला फोन लावला. टेप उतरवून देणारे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "रेकॉर्डिंगच सगळ्यात कमी वेगाने केलंय. त्यात टेप कमी लागते, पण आवाजाचा वरचा भाग भरलाच जात नाही. जे टेपमध्ये नाही, ते मशीन कुठून आणणार?"

अण्णा, गिऱ्हाइकांची लग्नं तुम्ही टेपवर दुप्पट वेगाने भरून द्यायचात. रिळं मीच बदलायची, मला ठाऊक आहे. चांगली टेप लोकांना, आणि घरच्या बाईला काटकसर. वर आयुष्यभर दोष मशीनला. रिसीव्हरनेही फसवलं, पण तो निदान मला मुलगी म्हणत नव्हता.

हे वाचायला तुम्ही नाही, म्हणूनच इतकं लिहिलं. टेपच्या शेवटी तुमचा आवाज येतो, "बास आता, टेप संपंल," आणि ती हसते. आईसाठी घेतलेल्या त्या मशीनवर हल्ली मी तुमचा तेवढाच तुकडा लावते, आणि तिच्या हसण्याआधीच थांबवून पुन्हा मागे नेते.