तीन फ्यूज

धंतोली, नागपूर
११ डिसेंबर १९८४

चि. मनोहर,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघे सोडले तर माझी प्रकृती ठीक आहे. ताई हवापालटाला नागपूरला गेली, असं तू गावभर सांगतोस म्हणे. संत्र्याच्या बागांतली हवा सोडून धंतोलीच्या धुरात हवापालटाला आलेली मी पहिलीच असेन.

वीज सोसायटीचा अध्यक्ष म्हणून तुझा फोटो आलेलं कात्रण मिळालं. टोपी शोभते. त्याच टोपीखालून तू माझा अर्ज तीनदा फेटाळलास. काय मागत होते मी? माझ्या गोबरगॅसवर जनरेटर चालतो, वीज उरते. ती सोसायटीच्या तारेत घ्या, म्हणजे तुमची लाइन गेली तरी निदान आपल्या गल्लीत दिवे राहतील. तीस वर्षं मुलींना विज्ञान शिकवलेल्या बाईला तू भर सभेत म्हणालास, "ताईच्या शेणाला करंट आला." सगळे हसले.

नत्थू लाइनमन तेवढा हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "बाई, तुमचा करंट तुमच्या घरातच राहू द्या. खांबावर चढाचं तं मले आहे." मी त्याला अर्धा तास वीज समजावून सांगितली. त्याचं एक वाक्य मात्र ऐकून घेतलं नाही.

काल त्याची बायको तुळसाबाई एस.टी.नं इथवर आली. हातात सोसायटीच्या चौकशीचा कागद. "बाई, तुमी शिकलेल्या आहा. काय लिवलं, वाचून सांगा." मी वाचलं. लाइनमन फ्यूज न काढताच खांबावर चढला, अपघात त्याच्याच निष्काळजीपणानं झाला, सबब सेवेतून कमी. खाली तुझी सही.

ती शांतपणे म्हणाली, "फ्यूज काढून खिशात ठेवल्याबगर ते चढतच नाहीत. मागून कोणी लावू नये म्हणून. तुमाले तं माहीत आहे."

माहीत आहे, म्हटलं. तिला चहा दिला आणि स्टँडवर पोचवून आले.

मनोहर, मार्चमधल्या त्या दुपारी लाइन गेली तेव्हा नत्थू कोपऱ्यावरच्या खांबावर आहे, हे मी पाहिलं नव्हतं. हे खरं आहे. पाहायला गेलेच नव्हते, हेही खरं. आदल्या आठवड्यात नागपूरच्या मिस्त्रीकडून मी माझी वायर गुपचूप तुमच्या तारेला जोडून घेतली होती. तुझी जिरवायची होती. गल्लीतल्या बायका अंगणात जमवल्या, जनरेटर सुरू केला आणि खटका ओढला. घराघरांत दिवे लागले. बायका टाळ्या वाजवत होत्या, तेव्हा तो पडला. उजवा हात कोपरापासून गेला.

लोक त्याला उचलत होते. त्याच्या खिशातून पडलेले तीन फ्यूज मातीत होते, पांढरे, चिनीमातीचे. ते मी उचलून पर्समध्ये टाकले. जपून ठेवतेय, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. लपवत होते. तासाभरात तू ट्रान्सफॉर्मरवर नवे फ्यूज बसवलेस आणि माझी वायर काढून टाकलीस. म्हणजे लाइन बंद होती आणि करंट माझ्या वायरीतून आला, याचा पुरावाच उरला नाही. भाऊ माझ्या पाठीशी उभा राहिला, असं मला वाटलं. तू खुर्चीमागे लपला होतास आणि मी तुझ्यामागे.

मी शाळेत होते तेव्हा कॉन्व्हेंटात दर शनिवारी ख्रिस्ती मुली चॅपेलमध्ये जाऊन आपल्या चुका कबूल करत. आम्हा हिंदू मुलींना व्हरांड्यात बसवत. बरं झालं, सुटलो, असं वाटायचं.

रविवारी सोसायटीची वार्षिक सभा आहे. सकाळच्या गाडीनं येते. मला घ्यायला कोणाला पाठवू नकोस, मी आधी नत्थूच्या घरी जाणार आहे. तो कागद तू मागे घे किंवा घेऊ नकोस, हे फ्यूज मी तुझ्या टेबलावर ठेवणार आणि ते कुठून आले ते सांगणार. मग पोलीस आले तरी हरकत नाही.

आशीर्वाद वर लिहिले आहेत, ते राहू देत. खाली 'तुझी ताई' लिहीत नाही. हे पत्र सभेत वाचलं जाईल तेव्हा पूर्ण नाव लागेल.

प्रेमिला केशवराव रेवतकर
अर्जदार