सुमित्राच्या नावाचं खातं

ता. ४ जानेवारी १९७८, बुधवार
सुमित्राला जाऊन आज छप्पन्न दिवस. नाक्यावर ट्रान्स्पोर्टवाल्यांनी डायऱ्या वाटल्या. जकात कारकुनाला दर वर्षी एक मिळते, ती मी मुलीला, विजूला देत असे. यंदा ठेवून घेतली. काय लिहावं कळत नाही.
पगार ३४८. सु. च्या आजारपणाचं पतपेढीचं कर्ज, त्याचे ६२ कापून हातात २८६. निदान हे तरी लिहून ठेवतो.

ता. ७ जाने., शनिवार
मल्लप्पाअण्णांच्या दुकानात गेलो. किराण्याचं खातं सु. च्या नावावर होतं, व्यवहार सगळा तीच बघायची. बाकी विचारली. अण्णांनी लाल वही उघडली, चष्मा लावला, बराच वेळ बेरीज केली.
"चारशे शहाऐंशी होतात बघा. सावकाश द्या की री. तुम्ही कुठं पळून जाताय?"
मला वाटलं होतं शंभर, फार तर दीडशे.
दवाखान्यात शेवटच्या दिवशी म्हणाली होती, मल्लप्पाअण्णांचं ठेवू नका. मी हो म्हटलं होतं. आकडा सांगितला नव्हता तिने. मीही विचारला नव्हता.

ता. ८ जाने.
अण्णांनी खात्याची नक्कल करून दिली. दर महिन्याला तांदूळ ५ किलो. आमच्याकडे भात रविवारी होतो, तोही वाटीभर. एवढा तांदूळ गेला कुठे?
मधूनमधून जमा रु. २. ते सु. च्या काटकसरीचे असणार.
अण्णांना काही विचारलं नाही. गेलेल्या माणसाच्या खात्यावर कसला वाद घालायचा. पण मनात किंतु राहिला.

ता. ९ जाने.
ठरवलं. महिना ५० द्यायचे. दिवाळीच्या पाडव्याला अण्णा नवी वही घालतात, त्याच्या आत फिटलं पाहिजे. उधारी बंद. ज्वारी, साखर रेशनवर, बाकी सगळं रोख. अण्णांना सांगितलं, या खात्यावर आजपासून कुणालाही काही देऊ नका.
अण्णांनी वहीतून मान वर केली. "कुणालाच नको?"
"कुणालाच नको."
"बरं री."

ता. १५ जाने.
गड्ड्याची जत्रा. मैत्रिणी बोलवायला आल्या होत्या, विजू गेली नाही. घरात वर्षाचं पाळायचंय म्हणाली. जत्रेतल्या पाळण्यात बसायचे पैसे वाचवले, हे मला कळतं. सतरा वर्षांची पोर.

ता. २८ जाने., शनिवार
शेजारची नरसम्मा दारात आली. विडीकामगार आहे. नवऱ्याचा माग बंद पडून दीड वर्ष झालं. तिचा शनिवार म्हणजे मजुरीचा दिवस. "विजू हाय का?" विजू क्लासला गेली होती. नाही म्हणालो. थोडी थांबली, गेली.

ता. ११ फेब्रुवारी
थोरली बहीण, आक्का, वैरागहून आली. पोतंभर ज्वारी, शेंगाचटणीचा डबा. अण्णांची नक्कल तिला वाचून दाखवली.
"तांदूळ? तुमी काय रोज लग्नाच्या पंगती उठवत हुता व्हय? बाई गेली, आता वहीत काय बी लिवंल त्यो."
मग म्हणाली, "सुमीच्या पाटल्या हायत की. मोड आन् मोकळा हो."
पाटल्या विजूच्या आहेत म्हटलं.
"मग बस फेडत. तू लई शाना."
रात्री तिनेच विजूचं डोकं मांडीवर घेऊन तेल लावलं. विजू खूप दिवसांनी रडली. बरं झालं.

ता. १ मार्च
पन्नास दिले. तिसरा हप्ता. पान बंद, बस बंद. नाक्यापर्यंत सायकल. गुडघा बोलतो.
विजूने चहाचं पातेलं बदललं. लहान पातेल्यात दोनच कप मावतात. पाहुणा आला की माझा कप त्याला.

ता. १९ मार्च
स्वयंपाकघराच्या भिंतीवर, चुलीच्या वरच्या बाजूला, सु. ने कुंकवाने ओढलेल्या रेघा आहेत. ओळीने. दुधाचा हिशोब असावा. दूध तर आम्ही जानेवारीपासून अर्धा शेर केलंय. रेघा तशाच ठेवल्या.

ता. ८ एप्रिल, गुढीपाडवा
गुढी नाही. अण्णांनी साखरेची गाठी पाठवली. परत पाठवणार होतो. विजू म्हणाली, "बाबा, गाठीवर कुठे व्याज असतं?" ठेवली.

ता. २२ एप्रिल, शनिवार
नरसम्मा परत आली. महिन्यातून दोन-तीन शनिवार येते. विजू नसते तेव्हाच नेमकी. बोलत नाही. बघते ती माझ्याकडे नाही, माझ्या मागे, स्वयंपाकघराकडे. काही मागायचं असावं. माझ्याकडे द्यायला काय आहे? "विजू नाही" म्हणतो आणि दार ओढून घेतो. सु. ने असं केलं नसतं.

ता. २ मे
२३६ राहिले. निम्म्याहून जास्त फिटलं. खूप दिवसांनी रात्रभर सलग झोप लागली.

ता. १७ जून
विजू अकरावी पास, बारावीची फी भरली. वह्या, एक जुनं पुस्तक. या महिन्यात अण्णांना काही नाही. सांगायला गेलो तर तेच म्हणाले, "पोरीची फी आधी. माझी वही काय उपाशी मरत न्हाई."
ज्या माणसावर संशय घ्यावा तो असं बोलतो. काय समजायचं.

ता. १ ऑगस्ट
दिले. शेजारच्या गल्लीतली दोन मुलं विजूकडे गणित शिकायला येतात. महिना दहा रुपये मिळतील. दुधाला लावू म्हणाली. अर्ध्याचा परत पाऊण शेर झाला.

ता. ३ सप्टेंबर
८६ राहिले. विजूने कॅलेंडरवर पाडव्यापर्यंतचे दिवस लिहून ठेवलेत, रोज एक खोडते. मला हसू आलं. हसण्याचा आवाज निघाला म्हणून ती वळून बघायला लागली.

ता. १ ऑक्टोबर
पन्नास. आता ३६. पाडव्याच्या आत होतं, नक्की होतं.

ता. १५ ऑक्टो., रविवार
यंदा दिवाळी करायची नाही. पण भिंती धुराने काळ्या पडल्यात. मजूर लावायचा नाही म्हणून सकाळी स्वतःच चुना भिजवला. विजू मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. रेघांशी आल्यावर कुंचा थांबला. बादली खाली ठेवून बसलो. मग वाटलं, वर्ष होत आलं, किती दिवस जपायच्या दुधाच्या रेघा. दोन हात दिले. पहिल्या हातातून गुलाबी दिसत होत्या. दुसऱ्यात गेल्या.

ता. २१ ऑक्टो., शनिवार
आज सगळं लिहून ठेवलं पाहिजे.
संध्याकाळी नरसम्मा आली. विजू घरी होती, म्हणून दार उघडं होतं. नरसम्माने आत बघितलं आणि "अय्यो!" म्हणून उंबऱ्यावरच बसली.
"रेगा कुटं गेल्या?"
"कुठल्या रेघा?"
"माज्या रेगा, भाऊ. वैनीनं काडलेल्या."
विजूने पाणी दिलं. मग हळूहळू बोलली. माग बंद पडल्यावर तिला कुणी उधार देईना. सु. ने अण्णांना सांगून आपल्या खात्यावर दर महिन्याला पाच किलो तांदूळ द्यायला लावला. नरसम्मा दर शनिवारी मजुरीतले दोन रुपये आणून द्यायची, सु. ते अण्णांकडे जमा करायची आणि भिंतीवर एक रेघ ओढायची. "वैनीला लिवायला येत हुतं. पर मला वाचता येत न्हाय, मला दिसावं म्हनून रेगा." तिच्या घरात सासूला, नवऱ्याला माहीत नाही. सु. ने कुणाला सांगणार नाही म्हणून शब्द दिला होता. मलाही सांगितलं नाही.
"मग मला का नाही बोललीस?"
"वरीस सरंस्तवर मयताच्या घरी देन्याघेन्याचं बोलू नये. विजूच्या हातात गुपचाप द्यावं म्हनून येत हुते. विजू कवा गावंना, तुमी दार लावून घ्यायचे."
पदराखालून डबा काढला. सु. गेल्यापासूनचे साठवलेले. ७४ रुपये, बहुतेक नाणी. तांदूळ बंद झाल्यावर कोपऱ्यावरून रोज पावशेर, अर्धा किलो चढ्या भावाने आणायची, तरी डबा भरत राहिली. काही शनिवारी जमलं नाही, त्याची माफी मागत होती. ती माझ्याकडे.
रेघा किती होत्या विचारलं. "छत्तीस. ध्यानात हाय."
नक्कल काढली. जमा रु. २, जमा रु. २. विजूने मोजले, एक्केचाळीस. वरचे पाच सु. नेच भरले असणार.
नरसम्माला पटेना. "एवडं न्हाय झालं, भाऊ. अण्णा चुकलं असंल." स्वतःच्या फायद्याचं मानायला तयार नाही.
तांदूळ एकूण १९४ चा. जमा ८२. बाकी ११२. त्यातले आज ७४ आले, ३८ राहिले. मी डबा परत सरकवला. तिने माझ्याकडे असं बघितलं की गप घेतला.
जेवताना विजू भाकरी वाढत होती. मीच म्हटलं, माझं चुकलं. "आईला आपण काय ओळखलं बाबा," म्हणाली.

ता. २२ ऑक्टो.
डबा घेऊन अण्णांकडे गेलो. सगळं बोललो. संशयाचंही. इतकं सलग मी कुणाशी बोललेलो नाही.
"तुम्हाला माहीत होतं, तर जानेवारीत का नाही सांगितलं?"
"बाईंनी सांगू नका म्हटलं होतं की. आणि तुम्ही तरी कुठं विचारलं? नाक्यावर दुनियेच्या गाड्या उघडून बघताय, माझी वही काय उघडून बघितली न्हाई री."
गिऱ्हाइकं हसली. मीही.
छत्तीस द्यायला लागलो तर पस्तीसच घेतले. "दिवाळीच्या तोंडावर खातं कोरं करत न्हाईत. रुपया पाडव्याला आणा." उरलेले ३९ डब्यातच ठेवलेत.

ता. २९ ऑक्टो.
आक्काला पत्र टाकलं. तांदळाचं कळवलं. अण्णांबद्दल बोललीस ते मागे घे, असंही लिहिलं.

ता. १ नोव्हेंबर, बुधवार, पाडवा
विजूला घेऊन दुकानात. झेंडूचं तोरण, नव्या वहीवर हळदकुंकू. घरात सण नाही म्हणून बाहेरच उभा राहणार होतो, अण्णांनी हाताला धरून आत नेलं.
रुपया दिला. अण्णांनी जुन्या वहीतल्या पानावर आडवी रेघ मारली. सुमित्राबाई हे नाव वर तसंच होतं. नव्या वहीत ते येणार नाही. दहा महिने याच दिवसासाठी पैसे मोजत होतो. पान मिटताना बघवलं नाही.
"चला, मोकळे झालात," अण्णा म्हणाले.
मी विचारलं, नरसम्माला तांदूळ द्याल का?
"देतो की. पण एक सांगतो, रागावू नका. माग बंद, विडीच्या मजुरीचा भरवसा न्हाई. मधे जबाबदार कोणतरी पाहिजे. हस्ते कुणाचं लिहू?"
विजू माझ्याकडे बघत होती. सु. ने सांगितलं होतं, अण्णांचं ठेवू नका. आजच फिटलं होतं. पाच मिनिटंही झाली नव्हती.
तिला तेव्हा नक्की काय म्हणायचं होतं, आता मला खात्री नाही. स्वतःचं म्हणत होती की नरसम्माचं. विचारायला हवं होतं.
"माझं लिहा," म्हटलं.
अण्णांनी टाक बुडवला. "पूर्ण नाव सांगा री. इतक्या वर्षांत तुमचं नाव कधी लिहायची वेळ आली न्हाई."
डब्यातले ३९ आगाऊ जमा करून घ्या म्हटलं. नरसम्माच्या नावावर.
परत येताना विजू म्हणाली, "आता आपण परत कर्जात." पण हसत म्हणाली.

ता. ४ नोव्हें., शनिवार
पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध. आक्का येते म्हणून पत्र. खाली एक ओळ: त्या मागवालीला पण जेवायला बोलव.
नरसम्मा आली. या वेळी उंबऱ्याच्या आत. दोन रुपये दिले. जुन्या ३८ पैकी. आता ३६. आगाऊ भरलेले तिला मान्य नाहीत, "त्ये तुमचं, ह्ये माजं." तिचे दोन रुपये दर शनिवारी येतील की नाही, माग परत सुरू होईल की नाही, काही सांगता येत नाही. ती उभीच. भिंतीकडे बघत. पांढरी भिंत.
विजू क्लासला. मी सु. चा करंडा काढला. वर्षभर कुणी उघडला नव्हता. कुंकू कडेने घट्ट झालं होतं. बोट ओलं करून घेतलं आणि चुलीच्या वर एक रेघ ओढली.
नरसम्माने मान तिरकी करून बघितली.
"वाकडी आली, भाऊ. वैनीची सरळ यायची."
म्हटलं, अजून अठरा आहेत. हात बसेल.